रोजकीर्दीतील स्वर

१३ सप्टेंबर १९७३ रोजी लंडनच्या गोल्डर्स ग्रीन हिप्पोड्रोममध्ये बीबीसी रेडिओसाठी 'क्वीन' या नवोदित रॉक वाद्यवृंदाची मैफल श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाली. त्यांची पहिली तबकडी येऊन दोनच महिने झाले होते. गायक व पियानोवादक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारोख बुलसारा, झांजिबारमधील एका पारशी रोखपालाचा मुलगा. पियानो तो शिकला आपल्या पाचगणीच्या निवासी शाळेत.

आयुष्यभर बँकेच्या वह्या तपासलेल्या माझ्यासारख्याला हे ध्वनिमुद्रण ऐकताना वाटते, की स्टुडिओतील तबकडी म्हणजे ताळेबंद. थेट मैफल ही रोजकीर्द. एकदा नोंद झाली, की खाडाखोड नाही. त्या स्वरातील निःशंकता हे शालेय वयापासूनच्या ठेवीचे व्याज आहे.

मालवणात आमच्या घरी यंदा नातीची दहावी आहे. 'आता कीबोर्डचा वर्ग पुरे,' असे दुकान सांभाळणारे चिरंजीव म्हणतात. नात काही बोलत नाही. तिने कीबोर्डवर कापड मात्र टाकून ठेवले आहे. मी चिरंजीवांना म्हटले, "पिग्मीचा हप्ता हवा तर लहान कर, दिवसाकाठी वीस मिनिटे, पण खाते बंद करू नकोस." निर्णय याच आठवड्यात व्हायचा आहे.