बदलाची जागा

सरकारी नोकरीत उभी हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : नियम करणे सोपे, पण त्या नियमात बदलाची जागा कोठे ठेवावी हे ठरवणे फार अवघड. महागाई भत्ता काढण्याची रीत वर्षानुवर्षे तीच राहते, दर मात्र बदलत जातो. दर मूळ नियमातच कोरून ठेवला असता, तर प्रत्येक वाढीला अख्खा नियम नव्याने लिहावा लागला असता. निवृत्तीनंतर छत्रीबागेतल्या घरी जुन्या संगणकावर मी लिनक्स शिकू लागलो, तेव्हा नेमका हाच प्रश्न तेथे पुन्हा भेटला.

लिनक्सचा कर्नेल म्हणजे फौजेतला कर्नल नव्हे. कवचाच्या आतला गर. स्मृती, प्रोसेसर आणि डिस्क यांची सर्व प्रोग्रॅममध्ये वाटणी करणारा हा कारभारी. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 साली तो लिहायला घेतला. आज अँड्रॉइड मोबाइलपासून महासंगणकापर्यंत तो चालतो. आपल्या सी-डॅकच्या ‘बॉस’ प्रणालीतही तोच आहे. इतक्या निरनिराळ्या यंत्रांना एकच आकडा मानवणार कसा? म्हणून काही आकडे मोकळे ठेवावे लागतात. त्यांनाच पॅरामीटर म्हणतात.

ते बदलण्याच्या वेळा तीन. कर्नेल बांधताना हजारो प्रश्न विचारले जातात. उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘लागेल तेव्हा जोडू’. यंत्र सुरू होताना काही सूचना देता येतात. उरलेले पॅरामीटर चालू यंत्रातच बदलता येतात. डॉसच्या काळात ‘कॉन्फिग डॉट सिस’मध्ये एकाच वेळी किती फाइली उघडाव्यात याचा आकडा वाढवला, की संगणक पुन्हा सुरू करावा लागे. ते आठवणाऱ्यांना या तिसऱ्या सोयीचे मोल कळेल. कायदा, वार्षिक अंदाजपत्रक आणि रोजचा आदेश, अशीच ही उतरंड आहे.

नावांचाही एक बोधप्रद इतिहास आहे. 1993च्या बीएसडी युनिक्समध्ये अशा पॅरामीटरना ओळीने क्रमांक दिलेले होते. लिनक्सनेही ती पद्धत उचलली; पण त्याचबरोबर ‘प्रॉक’ नावाच्या कप्प्यात प्रत्येक पॅरामीटर फाइलीसारखा मांडला. फाइल वाचली की आकडा कळतो, तीत लिहिले की बदलतो. क्रमांकांची वाट पुढे ओस पडली आणि 2020 साली काढूनही टाकली गेली. माणसाला वाचता येणारी नावे तेवढी टिकली. जावक क्रमांकावरून प्रकरण शोधणाऱ्या कोणत्याही लिपिकाला याचे नवल वाटणार नाही.

मग अधिकाराचा प्रश्न. बहुतेक पॅरामीटर कोणीही वाचावेत, लिहिण्याचा हक्क मात्र मुख्य व्यवस्थापकाचा. आमच्या शेजारच्या छत्र्या ज्या होळकरांच्या, त्यांच्या राज्यातही दौलत आणि खासगी यांचे हिशेब वेगळे असत. कर्नेलमध्ये तर व्यवस्थापकालाही बांधणारा एक पॅरामीटर आहे : नवे मॉड्यूल जोडणे एकदा बंद केले, की यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत त्यालाही ते उघडता येत नाही. स्वतःचे हात बांधून घेण्याची ही तरतूद मला फार आवडली.

पण खरी कसोटी वेगळीच आहे. कोणी काहीच ठरवले नाही, तर काय व्हावे? मोठा बिघाड झाल्यावर कर्नेलने किती सेकंदांनी स्वतःहून पुन्हा सुरू व्हावे, याचा मूळ आकडा शून्य आहे. म्हणजे तसेच थांबावे, माणसाला पाहू द्यावे. टेबलावरच्या यंत्राला हे ठीक. पण दूरच्या डोंगरावरील निर्जन ठाण्यात ते पुन्हा उठलेलेच बरे. येथे निवड मोकळी ठेवणे रास्त आहे. उलट ‘स्वॅपिनेस’ पाहा. स्मृती अपुरी पडल्यावर प्रोग्रॅमची पाने डिस्कवर हलवावीत, की फाइलींची साठवलेली पाने सोडून द्यावीत, याचा तो कल. मूळ आकडा 60. अनेकजण त्याला साठ टक्के समजतात. तो टक्का नाहीच. ज्याचा अर्थ वापरणाऱ्याला नीट कळत नाही, तो अधिकार नव्हे, नुसता भार.

एका कार्यालयात मी पाहिले आहे : दिवंगत शिपायाच्या पत्नीचे कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रकरण अकरा महिने पडून होते. परिपत्रकात लिहिले होते, ‘सक्षम अधिकाऱ्याने योग्य मुदतीत निर्णय घ्यावा.’ मुदत किती, ती उलटल्यास काय, याचा आकडा कोठेच नव्हता. नियम करणाऱ्याने जागा रिकामी सोडली आणि तिला स्वातंत्र्याचे नाव दिले. त्या रिकाम्या जागेत एक बाई दर सोमवारी येऊन बाकावर बसत असे.

म्हणून मला वाटते, पॅरामीटर ठेवणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे : हे मला ठरवता येत नाही म्हणून मी मोकळे सोडतो आहे, की ठरवण्याची जबाबदारी नको म्हणून? आणि जागा सोडलीच, तर तिच्यात एक समंजस आकडा स्वतः भरून ठेवावा. बहुतेक लोक तो कधीच बदलणार नाहीत. त्यांच्यापुरता तोच नियम असतो.