सीतेचा गळा

एकाच संगीतकाराने एकच काव्य दोनदा रसिकांपुढे ठेवावे आणि दोन्ही वेळा ते निराळे वाटावे, असा योग क्वचितच येतो. गीतरामायणाच्या बाबतीत तो आला. 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिले गीत ऐकू आले आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, आठवड्याला एक याप्रमाणे, गदिमांची 56 गीते सुधीर फडक्यांच्या चालींवर घरोघर पोचली. तेव्हा पात्रागणिक गळे निराळे होते. रामाची गीते स्वतः फडके गात, सीतेसाठी माणिक वर्मा होत्या, कौसल्येसाठी ललिता फडके. पुढे 1965 साली एच.एम.व्ही.ने 10 ध्वनिमुद्रिकांचा संच काढला, तो मात्र सबंध बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात!

आमच्या नागऱ्याकडच्या माणसाला हा फरक चटकन उमजतो. झाडीपट्टीच्या दंडारीत प्रत्येक सोंग वेगळे. कीर्तनकार मात्र उपरणे सावरीत एकटाच दशरथ होतो नि एकटाच कैकेयीही. पहिले गीतरामायण दंडारीच्या जातीचे, दुसरे कीर्तनाच्या.

परंतु वनात सोडलेल्या सीतेचे गीत बाबूजींच्या आवाजात लागले, तेव्हा आईने विचारले, "बाईचं दुःख बाप्यानं कायले सांगावं, बाबू?"

मी म्हटले, "दंडारीतही सीता पुरुषच होतो की!"

"तो लुगडं तरी नेसते!"

मी हसलो खरा. पण प्रश्न मनात रुतला. मी कादंबऱ्या लिहितो. त्यांतल्या बायका माझ्याच तोंडाने बोलतात. त्यांना तो अधिकार मी कोणाला विचारून दिला?

उत्तर गदिमांच्या रचनेतच सापडले. ही सारी कथा गातात कुश-लव, तीही साक्षात रामापुढे. मग बाबूजींच्या गळ्यातली सीता म्हणजे लेकांनी सांगितलेली आपली आईच नव्हे काय? ऐकणारा बाप, सांगणारे मुलगे, आणि जिची कथा ती तिथे नाही. एकट्या आवाजातली ही पोकळी अनेक आवाजांत जाणवत नाही. माणिकबाईंच्या सुरात सीता समोर उभी राहते. बाबूजींच्या सुरात तिची आठवण येते. एकीवरून दुसरीचे मोल ठरवू नये.

हे सारे मी आईला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली,

"लेकानं सांगावं ना. पण आधी मायले बोलू द्यावं."