बाजूने जाणारी वाट

२५ फेब्रुवारी २०२२ला 'एल्डन रिंग' आला आणि त्या रात्री साडेअकरा ते दीड या दोन तासांत मी चौदा वेळा मेले. चौदाही वेळा एकाच्याच हातून.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सुरुवातीलाच अनेक हातांचा एक विद्रूप प्राणी तुम्हाला जवळपास हमखास मारतो. मग तुम्ही एका भुयारात जागे होता, अंधारातून वर येता आणि एक जड दार ढकलता. समोर लिमग्रेव्ह नावाचा प्रदेश पसरलेला असतो. गवत, पडकी देवळं, वारा आणि क्षितिजावर आभाळभर पसरलेलं एक सोन्याचं झाड. पांढरा मुखवटा घातलेला एक माणूस तिथे उभा असतो, तो गोड आवाजात तुमचा अपमान करतो. आणि खालच्या रस्त्यावर, सोनेरी चिलखत घातलेला एक दांडगा घोडेस्वार संथपणे फेऱ्या मारत असतो.

मला वाटलं, पहिलाच भेटलाय, म्हणजे ह्याला मारायचं असणार.

चौदाव्या मरणानंतर मागून आवाज आला, "मावशी, तुझे किती पैसे पडलेत तिथे?"

भाचा पाण्याची बाटली भरायला उठला होता, तो कधीपासून मागे उभा होता कोण जाणे. मी त्याला सांगितलं की पैसे नव्हे, त्यांना रून्स म्हणतात. मेलं की ते जागेवरच पडतात, परत जाऊन उचलता येतात, पण उचलायच्या आधी पुन्हा मेलं तर कायमचे जातात.

"मग किती आहेत?"

"चारशे होते."

"होते म्हणजे?"

"ते दुसऱ्याच खेपेला गेले. आता काहीच नाहीये तिथे."

"मग आता कशासाठी लढतेयस?"

मला उत्तर देता आलं नाही. मी कॉम्प्युटर बंद केला आणि झोपायला गेले.

मी माहितीपुस्तकं लिहिते. बँकांची सॉफ्टवेअरं वापरणाऱ्या लोकांसाठी 'इथे क्लिक करा, मग हे भरा, मग पुढे जा' असं लिहायचं. वाचणाऱ्याने कुठेही चुकू नये, अडू नये, विचारात पडू नये, हे माझं काम. अठरा वर्षं तेच केल्यामुळे असेल, मला गेमही तसेच आवडायचे. 'विचर ३'मध्ये मी दोनशे तास घालवले, 'असॅसिन्स क्रीड'चे बरेचसे भाग संपवले. ह्या खेळांचं जग खुलं असतं म्हणतात, पण नकाशा उघडला की त्यावर बाजाराच्या यादीसारखी चिन्हं असतात. इथे पेटी, इथे मोहीम, इथे तटबंदी. एकेक करत टिकमार्क करायचं. ऑफिसचं काम संपवून घरी तेच करायचं, फक्त हातात तलवार.

'एल्डन रिंग'चा नकाशा सुरुवातीला जवळपास कोरा आहे. केलेल्या-राहिलेल्या कामांची यादी नाही. कोणी काही सांगितलं तर ते आपणच लक्षात ठेवायचं. 'सोपं-मध्यम-अवघड' असा पर्यायही नाही. पहिल्या आठवड्यात खेळणाऱ्यांत यावरूनच दोन तट पडले. एका बाजूला, हे काय, निदान एक यादी तरी द्या, आम्हाला नोकऱ्या आहेत, मुलंबाळं आहेत. दुसऱ्या बाजूला, जमत नसेल तर शिका, नाहीतर दुसरं काहीतरी खेळा. मी अर्थातच पहिल्या गटात होते. माझा तर तो धंदाच आहे.

हा गेम ज्याने दिग्दर्शित केला त्या हिदेताका मियाझाकीने आपल्या लहानपणाची एक गोष्ट सांगितलेली आहे. तो इंग्रजी पुस्तकं वाचायचा आणि त्यातलं बरंच त्याला कळायचं नाही. कळलेल्या तुकड्यांच्या मधल्या जागा तो आपल्या कल्पनेने भरायचा. त्याचे गेम तसेच आहेत. 'एल्डन रिंग'च्या जगाचा जुना इतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिनने लिहिलाय, पण तो तुमच्यापर्यंत येतो तो फुटक्या भांड्यासारखा. एखाद्या तलवारीच्या वर्णनात दोन ओळी, एखाद्या म्हातारीचं अर्धं वाक्य. उरलेलं तुम्ही जुळवा.

शनिवारी सकाळी चहा घेता घेता भाचा म्हणाला, "मला वाटतं, तो घोडेस्वार तू मारावंस म्हणून नाही ठेवलेला. तू बाजूने जावंस म्हणून ठेवलाय."

मग आम्ही तसं केलं. झुडपांतून वाकून, त्याची पाठ वळेपर्यंत थांबून, बाजूने. पलीकडे एक छप्पर उडालेलं चर्च निघालं. आत शेकोटीपाशी बसलेला एक व्यापारी आणि एक लोहाराची ऐरण. एवढंच. पण चौदा वेळा मरून मला जे मिळालं नव्हतं ते चाळीस पावलं वळून गेल्यावर मिळालं. भाच्याने उठून आपली वही आणली, सामान्य अध्ययनाची, आणि तिच्या मागच्या पानावर निळ्या पेनाने चर्च काढलं, त्याखाली लिहिलं, 'व्यापारी, ऐरण'. घोडेस्वार लाल पेनाने.

पुढचे दहा दिवस आम्ही असे खेळलो. मी खेळायचे, तो वही लिहायचा. थोडं पुढे गेल्यावर मेलिना नावाची मुलगी भेटून एक शिट्टी देते, ती वाजवली की शिंगं असलेला घोडा येतो. घोडा मिळाल्यावर आम्ही दक्षिणेला गेलो, कारण उत्तरेला काय आहे ते माहीत झालं होतं. एकदा तळ्याकाठच्या जळक्या अवशेषांत एक पेटी सापडली. उघडली तर आतून धूर आला आणि आम्ही एका अनोळखी खाणीत येऊन पडलो. कसेबसे लपतछपत बाहेर आलो तर आभाळ लालभडक, माती सडलेली. भाच्याने नव्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथे इतक्यात येऊ नये'. मग दोघंही हसत सुटलो. तो इतका मोकळा हसलेला मी दोनेक वर्षांत पाहिला नव्हता.

आता त्याच्याबद्दल सांगायला हवं.

भाचा बार्शीचा, माझ्या ताईचा मुलगा. इंजिनियर झाला आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करायला पुण्यात आला. आधी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, सकाळी सातला अभ्यासिकेत, दोन वेळची मेस. लॉकडाऊनमध्ये घरी गेला, परत आला तो माझ्याकडे. वय अठ्ठावीस. एकदा मुलाखतीपर्यंत पोचला होता, तिथे थोडक्यात गेलं. त्या वर्षी जानेवारीत पूर्व परीक्षा झाली, उत्तरतालिका आली, त्याने स्वतःचे मार्क मोजले. तो काही बोलला नाही, मी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून अभ्यासिकेची वेळ सातची नऊ झाली, नऊची अकरा.

मी हे लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. २०१९मध्ये त्याने सोडायचं ठरवलं होतं. एका मित्राबरोबर ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान टाकायचं चाललं होतं, गाळाही बघून ठेवला होता. ताईचा फोन आला, "तुझं ऐकतो तो, तू समजाव." आणि मी समजावलं. एका हॉटेलात बसवून, मस्तानी पाजून. "आता सोडलंस तर आधीची तीन वर्षं फुकट गेली असं होईल. एवढं केलंयस, आता थोडक्यासाठी कशाला?" माझे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. तो ग्लासातलं आइस्क्रीम ढवळत राहिला आणि मग हो म्हणाला.

'मग आता कशासाठी लढतेयस?' हा प्रश्न त्याने मला गेमबद्दलच विचारला होता, याबद्दल मला शंका नाही. तो टोमणे मारणारा मुलगा नाही. पण अंथरुणावर पडल्यावर मला मस्तानीचं ते दुकान आठवलं.

गेममध्ये विश्रांतीच्या जागा असतात. जमिनीतून उगवलेला सोनेरी उजेड, आणि त्यातून एक पुसट झोत एका दिशेला जातो. पुढची वाट तिकडे, असं सांगणारा. पहिल्या आठवड्यात अनेकांनी तो झोत धरला आणि सरळ मार्गिट नावाच्या राक्षसापुढे जाऊन उभे राहिले. मीही राहिले. मार्गिट स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर उभा असतो आणि नवख्याचा चेंदामेंदा करतो. तो झोत खोटा आहे अशी ओरड झाली. तो खोटा नाही. दिशा बरोबरच दाखवतो. आत्ताच जा असं मात्र तो म्हणत नाही, ते आपण ऐकतो. घरातली वडीलधारी माणसं, मी धरून, दिशा दाखवताना वेळही सांगून टाकतात, आणि पर्याय नाहीच असंही.

नंतर कळलं, त्या किल्ल्याच्या कडेनेसुद्धा एक मोडकी वाट आहे. मार्गिटला न मारता, किल्ल्यात पाऊल न टाकता तुम्ही थेट पुढच्या प्रदेशात उतरू शकता.

मी इतकी खुळी नाही की गेमवरून आयुष्य शिकावं असं सांगेन. गेममध्ये मरण फुकट आहे. तिथला घोडेस्वार तुमची वाट बघत जन्मभर तिथेच फिरतो, त्याची जागा निघाली की नाही याची चिंता नाही. तिथे कोणाचं वय वाढत नाही, खोलीचं भाडं चढत नाही, बहिणीच्या लग्नात कोणी 'काय करतो सध्या?' विचारत नाही. पण एक गोष्ट मला त्या खेळाने दाखवली, जी मी अठरा वर्षं माहितीपुस्तकं लिहून विसरले होते. पाठ फिरवणं हीसुद्धा एक चाल असते. ती खेळात आहे, नियमात आहे, करणाऱ्याने तिच्यासाठी जागा ठेवलेली आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री मी त्याला म्हटलं, "२०१९ला मी तुला थांबवायला नको होतं."

तो वहीत काहीतरी लिहीत होता. म्हणाला, "तू नसतं थांबवलंस तर मी मुलाखतीपर्यंत गेलो नसतो, मावशी." मग थोड्या वेळाने, "आणि गेलो नसतो तरी चाललं असतं." दोन्ही वाक्यं त्याने सारख्याच आवाजात म्हटली. कुठलं जास्त खरं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

जायच्या आदल्या रात्री त्याने पहिल्यांदा कंट्रोलर हातात घेतला. या गेममध्ये खेळणारे एकमेकांसाठी जमिनीवर संदेश लिहून ठेवू शकतात. स्वतःचे शब्द वापरता येत नाहीत, दिलेल्या शब्दांच्या याद्यांमधून निवडून वाक्य जुळवायचं. लोक त्यातही थट्टा करतात, कासव दिसलं की शेजारी 'हा बघा कुत्रा' असं लिहिलेलं असतं. अनोळखी खेळणाऱ्यांनी एकमेकांना अशी मदत करायची ही कल्पना मियाझाकीला सुचली ती एका बर्फाळ चढावर. गाड्या घसरत होत्या, आणि मागची गाडी पुढचीला ढकलत होती. तसाच ढकलला जाऊन तोही घरी पोचला, पण ढकलणाऱ्याचे आभार मानायला थांबता आलं नाही, थांबला असता तर पुन्हा अडकला असता.

भाचा पहिल्या रस्त्यावर गेला, घोडेस्वार दिसायच्या जरा आधी थांबला, आणि बराच वेळ याद्या चाळून त्याने लिहिलं, 'पुढे बलाढ्य शत्रू'. मी म्हटलं, "एवढंच?" तो म्हणाला, "एवढं पुरे. पुढचं ज्याचं त्याने बघावं."

सकाळच्या एसटीने तो बार्शीला गेला. अभ्यास सोडला की काही दिवस बाजूला ठेवला, हे मी विचारलं नाही. ताईने मला फोनवर विचारलं, तिलाही मी, "त्याला विचार," एवढंच म्हटलं. ती माझ्यावर चिडली. वही तो टेबलावरच ठेवून गेला होता.

मार्चच्या मध्यापर्यंत या गेमच्या जगभरात १ कोटी २० लाख प्रती गेल्या. म्हणजे त्या रस्त्यावर तितक्या जणांनी तो घोडेस्वार पाहिला असणार. मी त्याला अजून मारलेलं नाही, मारावंसंही वाटत नाही.

मार्गिटकडे मात्र मी गेले. कडेची वाट माहीत असून गेले, कारण आता जावंसं वाटलं. एका रविवारी दुपारी, सातव्या की आठव्या प्रयत्नात, त्याचं थोडंसंच रक्त शिल्लक होतं आणि माझं तर केसभर. औषधाच्या कुप्या संपलेल्या. एक फटका आणि मी गेले असते. तेवढ्यात पडद्यावर दोन शब्दांची सूचना आली आणि माझी लाल पट्टी आपोआप भरली.

हे असं होतं. तुमचा संदेश जगात कोणीतरी वाचला आणि तो उपयोगी पडला अशी खूण केली, की तो लिहिणाऱ्याला जीव मिळतो, त्या क्षणी तो कुठेही असो. कोणीतरी, कुठल्यातरी देशात, त्या रस्त्यावर थांबलं होतं आणि त्याने भाच्याचे ते शब्द वाचले होते.

मार्गिट पडल्यावर मी भाच्याला फोन लावला. मागे मोटारीचा आवाज येत होता, तो कोणाच्यातरी शेतावर होता. मी काय झालं ते सांगितलं.

"पण तो बाजूने गेला की लढला?" त्याने विचारलं.

ते कळायला मार्ग नाही, मी म्हटलं.