गोडव्याचा हिशेब

महागड्या पॉवर ॲम्प्लिफायरचं माहितीपत्रक मी बरीच वर्षं न वाचताच बाजूला ठेवत असे. त्याला कारणही होतं. एकेकाळी लहानशा टेपरेकॉर्डरवरही ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं ठळक छापलेलं असे आणि आत जीव मोजक्या वॅटचा. आकडे विकायला आणि कान ऐकायला, हे तेव्हाच मनाशी पक्कं झालं. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरवर किशोरीताई ऐकताना जाणवणारा गोडवा कुठल्या तक्त्यात मावणार?

हे मत डळमळलं ते १९८५ सालच्या एका प्रयोगाबद्दल वाचल्यावर. बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्यानं ‘स्टिरिओफाइल’ मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं: हवा तो महागडा ॲम्प्लिफायर आणा, माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टरचा अगदी तसाच वाजवून दाखवतो. त्यांनी व्हॉल्व्हचा आणला. कार्व्हरनं दोन्हींना एकच संगीत दिलं, दोन्हींच्या आउटपुटमधला फरक तेवढा वेगळा काढला आणि तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत आपलं सर्किट जुळवत राहिला. शेवटी कोणता कुठला, हे संपादकांना ओळखता आलं नाही.

म्हणजे गोडवा मोजता येतो तर! त्यातला मोठा वाटा आउटपुट इम्पिडन्सचा. माझ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा तो १ ओहमच्या आसपास आहे. स्पीकरचा इम्पिडन्स मात्र फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतो. तो ४ ओहमवरून २० ओहमवर गेला, तर तिथला आवाज सुमारे दीड डेसिबलनं वर येतो. मी ज्याला आत्मा म्हणत होतो, तो माहितीपत्रकातल्या ‘डॅम्पिंग फॅक्टर ८’ (स्पीकरचा नाममात्र इम्पिडन्स भागिले आउटपुट इम्पिडन्स) या ओळीत सरळ छापलेला होता.

आता माहितीपत्रक वाचतो, पण निवडून. १०० वॅटचे २०० केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, म्हणून नुसत्या वॅटांना भुलत नाही. डिस्टॉर्शन ०.००१ टक्के की ०.०००१, हे माझ्या कानाला सारखंच. ४ ओहमला, दोन्ही चॅनेल एकदम चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत किती वॅट मिळतात, ते मात्र आवर्जून विचारतो.

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर अजून माझ्याकडे आहे आणि मला तो आवडतोही. ‘मूळ गाणं जसंच्या तसं’ म्हणून कुणाला त्याची शिफारस करणं मात्र मी बंद केलंय.