जिथे थेंब, तिथेच गळती?

आजचा विषय थोडा तेलकट आहे. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स पूर्ण उघडून, आतले क्लच आणि सील बदलून परत बसवला, आणि नंतर तो गळायला लागला, तर शोध कसा घ्यायचा? तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आता दोन पेडलची गाडी आहे, म्हणून लिहितोय. २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेली एएमटी मात्र यात धरू नका. ती आपली साधी क्लचवालीच, फक्त क्लच आणि गिअर माणसाऐवजी यंत्र हलवतं. मी बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या खानदानी ऑटोमॅटिकबद्दल.

आमच्या संभाजीनगरला गाड्यांचं वेड नवीन नाही. २००१ साली शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये तर शहरातल्या मंडळींनी एकत्र ठरवून एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या! माझ्या मामांची गाडी अर्थातच त्यातली नाही. सेकंडहँड आहे, वय झालंय. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच.

मामा राहतात औरंगपुऱ्यात, सरस्वती भुवन कॉलेजपासून जवळच एका गल्लीत. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबणं जमत नाही. आजी जालन्याला, साधारण साठ किलोमीटर. दर आठवड्याला मामा तिला भेटून येतात. ऑटोमॅटिक बंद पडली की दर वेळी कुणाच्या तरी मुलाला "येतोस का रे?" असं विचारावं लागतं, आणि मामांच्या स्वभावात ते बसत नाही.

दिवाळीच्या आधी गिअरबॉक्स उघडून झाला. बिल असं की मामींनी सोन्याची खरेदी पुढे ढकलली. तीन आठवड्यांनी रोज सकाळी गाडीखाली लाल थेंब दिसायला लागले. मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, इंजिन चालू ठेवून पाहिलं. काही टपकेना, पण इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथे खालून ओलं. निदान झालं: "पुढचं सील गेलंय साहेब. गिअरबॉक्स परत उतरवावा लागंल." मामा भडकले. पहिल्यांदाच नीट बसवलं नसणार म्हणाले. पंधरा वर्षांची ओळख, आणि दोघं एकमेकांचा फोन घेईनात. त्या शनिवारी मी पुण्याहून पोचलो तेव्हा ही परिस्थिती.

पहिला प्रश्न अगदी बाळबोध: गळतंय ते नक्की काय? एसीचं पाणी रंगहीन, इंजिन ऑइल तपकिरी-काळं, आणि ऑटोमॅटिकचं तेल, म्हणजे एटीएफ, बहुधा लाल. पुठ्ठ्यावर पांढरा कागद ठेवला. लाल. इंजिनचं मागचं सीलही नेमकं त्याच जागी टपकतं, म्हणून ही खात्री आधी करायची.

दुसरं, पातळी. तेल जास्त भरलं तर त्याचा फेस होतो आणि ते हवेच्या नळीतून बाहेर येतं. सील बिचारं शाबूत असतं. गाडीच्या पुस्तकात सांगितलं तसं, सपाट जागेवर, गरम इंजिन चालू ठेवून मोजलं. बरोबर होती.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: गळती कधी होते? इंजिन चालू असताना पंप पॅनमधलं तेल उचलून टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि क्लचपर्यंत पोचवतो, म्हणून पॅनमधली पातळी खाली जाते. इंजिन बंद केलं की कन्व्हर्टरमधलं बरंचसं तेल हळूहळू खाली उतरतं आणि पातळी चढते. आता बघा, मामांची गाडी चालू असताना कोरडी आणि रात्री उभी राहिली की गळते. म्हणजे संशय त्या जागांवर, ज्या एरवी तेलाच्या वर असतात आणि रात्री तेलात बुडतात. पुढचं सील उभ्या गाडीतही गळू शकतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल लागत नाही. पण प्रश्न बराच आवळला जातो.

मग मी मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, उतरवायच्या आधी एक रात्र द्या. त्यांनी लगेच लिफ्ट रिकामी केली. ब्रेक क्लीनर मारून गिअरबॉक्स सगळ्या बाजूंनी धुतला, वाळवला, आणि वर टाल्कम पावडर उडवली. कन्व्हर्टरखालचं छोटं झाकण काढून आतही पुसून घेतलं. गाडी गल्लीत नेहमीसारखी लावली, म्हणजे तोंड उताराकडे करून. रविवारी सकाळी परत लिफ्टवर.

झाकणाच्या आत कोरडं ठणठणीत! पुढचं सील गळत असतं तर पहिल्यांदा ती जागा भिजली असती. बाहेरच्या पावडरीवर मात्र एक लाल रेघ. वर शोधत गेलो तर सुरुवात डिपस्टिकची नळी गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे. तेल तिथून निघून उताराने पुढे वाहत होतं आणि जोडाखाली टपकत होतं.

गिअरबॉक्स उतरवताना ही नळी काढावी लागते. तिच्या बुडाशी एक रबरी रिंग असते. आणलेल्या किटमध्ये ती नव्हती, म्हणून जुनी, कडक झालेलीच परत बसली होती. मिस्त्रींनी ती बोटांत धरली तर तुटलीच. तेच म्हणाले, "ही माझ्या हातून राहिली." मोंढा नाक्याकडे मापाची नवी मिळाली. नळाची साधी रिंग इथे चालत नाही, एटीएफ आणि उष्णता सोसणारं रबर लागतं. किंमत गुलमंडीवरच्या पाव किलो इमरतीपेक्षा कमी.

आपल्या ऑफिसातही हेच चालतं. सर्व्हर पडला की आधी बघतात, शेवटचा कोड कुणी टाकला? तो प्रश्न चुकीचा नाही, इथेही शेवटचा हात मिस्त्रींचाच होता. पण नुसत्या त्या उत्तरावर गिअरबॉक्स उतरवला असता तर पुढचं चांगलं सील बदललं गेलं असतं, नळी परत त्याच रिंगवर बसली असती, आणि दुसऱ्या बिलानंतरही थेंब पडतच राहिले असते. आणि थेंब किरकोळ म्हणून सोडूनही चालत नाही. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरून जळतात.

मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही. मामांनी त्यांना चहाला थांबवलं, आणि मागचं कुणीच काढलं नाही. दुपारी मामा एकटेच जालन्याला गेले.