चतुराचे डोळे

पावसाळ्यात व पावसाळा सरताना तळ्याकाठी, शेतात, शाळेच्या मैदानावर चतुर उडताना दिसतात. तुम्हीही ते पाहिले असतील. उर्दूत आपण त्याला भंभीरी म्हणतो. मराठीतले नाव मला अधिक आवडते. हात पुढे करून पाहा, म्हणजे हे नाव का पडले असेल ते कळेल!

मी मुलांना घेऊन तळ्यावर जातो, तेव्हा एक वाद ठरलेला असतो. "सर, लाल चतुर वेगळा आणि पिवळा वेगळा!" पण चतुराच्या बाबतीत रंग फसवतो. आपल्या तळ्यांवर दिसणारा एक लालभडक चतुर नर असतो. त्याची मादी पिवळसर असते. इतकेच नव्हे, तर नुकतेच पंख फुटलेला नरही पिवळसरच असतो.

मग ओळखायचे कसे? आधी तो बसतो कसा ते पाहा. काडीसारखा बारीक कीटक पंख पाठीवर मिटून बसला असेल, तर तो चतुर नव्हे. ती त्याची नातलग, टाचणी. चतुर पंख पसरून बसतो. त्याचे मागचे पंख पुढच्या पंखांपेक्षा रुंद असतात.

आता डोळे पाहा. चतुराच्या डोक्याचा बहुतेक भाग डोळ्यांनीच व्यापलेला असतो. दोन डोळ्यांमध्ये मोकळी जागा दिसली, तर तो गोम्फिडी कुळातला. या कुळातल्या पुष्कळ चतुरांचे मागचे टोक गदेसारखे फुगीर असते. डोळे एकमेकांना चिकटलेले असतील, तर तो बहुधा लिबेल्युलिडी कुळातला. आपल्याला रोज दिसणारे बहुतेक चतुर याच कुळातले. एश्निडी कुळातल्या चतुरांचेही डोळे चिकटलेले असतात; पण ते लांब रेषेत जुळतात आणि हे चतुर अंगानेही मोठे असतात.

तळ्यावर ऑर्थेट्रम सबिना नावाचा हिरवट-काळा, मध्ये बारीक असलेला चतुर दिसतो. तिथेच इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स हा पिवळा-काळा चतुर काडीच्या टोकावर बसतो. दुरून मुले त्यांना सख्खे भाऊ ठरवतात. पण पहिल्याचे डोळे जुळलेले, तर दुसऱ्याचे दूर दूर. म्हणजे कुळेच निराळी!

हे पाहायला चतुर पकडावा लागत नाही. काही मुले त्याच्या शेपटीला दोरा बांधतात. ती शेपटी नसून त्याचे पोट आहे. त्याचे हृदय तिथेच असते आणि श्वास घेण्याची बरीचशी छिद्रेही तिथेच. दोरा आवळला, की त्याचे काय होत असेल? त्याला नांगी नसते, तो डंख मारत नाही. उलट त्याची पिले पाण्यात डासांच्या अळ्या खातात.

चतुर उडून गेला, तर मागे धावू नका. जागीच उभे राहा. काडीवर बसणारा चतुर पुष्कळदा फिरून त्याच काडीवर येतो. तेव्हा त्याचे डोळे पाहून घ्या.