मेणवलीची घंटा, मिरजेची जवारी

वाई, शनिवार

ती. आईस सा. न.,

काल मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहिला आणि मागच्या घाटावर उतरलो. तिथल्या लहानशा देवळात थोरली घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्यानंतर ती तिथून इकडे आलेली. तिच्या अंगावर 1707 साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी.

सोबत वसईची मैत्रीण होती. मी बोटाच्या पेराने घंटेवर टक् केलं, थोडं थांबून पुन्हा एकदा. माझ्या मनात आपल्या गावचं देऊळ. पायरीशी चपला काढायच्या, टाचा उंचावून टोल द्यायचा. देवा, मी आले. तिने माझा हातच धरला. "असं एकेक नको वाजवूस." तिच्या गावात चर्चची घंटा अशी थांबून थांबून वाजली की माणसं हातातलं काम टाकून विचारतात, कोण गेलं?

आपण घंटा देवाला ऐकवतो. तिच्याकडे चर्च गावाला ऐकवतं. मी लहानपणापासून वसईचा विजय ऐकत आले. ज्या गावाचा आवाज गेला, त्याचा विचार काल पहिल्यांदा केला. तिने मेरीवर हात ठेवला, क्रुसाची खूण केली. बराच वेळ आम्ही कृष्णेकाठी नुसत्या बसलो.

मिरज, मंगळवार

ती. आईस,

आज सतारमेकर गल्लीत होते. 2024 मध्ये इथल्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा घालून केसभर मागेपुढे करत होते. एका जागी तार अशी गुंजली की अंगावर काटा आला. शेजारी बसलेल्या जर्मन मुलाने विचारलं, काही सैल झालंय का? त्याच्या व्हायोलिनमध्ये अशी झणझण आली तर दुरुस्तीला देतात. इथे तिच्यासाठीच घोडी तासतात, तीच जवारी. दिवसभर बसून तोही शेवटी डोळे मिटून ऐकू लागला.

संध्याकाळी मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. 1937 मध्ये वारलेले अब्दुल करीम खाँ तिथेच विसावले आहेत. उरुसात गवई येऊन गातात.

आपला तानपुरा खरखरतो म्हणून दादाने माळ्यावर टाकला ना? त्याची जवारी उतरली असेल, एवढंच. खाली काढून पुसून ठेव. पुढच्या महिन्यात आपण दोघी तो इथे घेऊन येऊ.

तुझी,
माई